बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचा फोटो का नसतो? आणि बाटली भरताना आपलं नेमकं कुठे चुकतं?

पारले-जीच्या पुड्यावर छोटी मुलगी आहे. निरमाच्या पाकिटावर गिरकी घेणारी मुलगी आहे. डायपर, बेबी ऑइल, साबण, सगळीकडे गोबऱ्या गालांची बाळं हसत असतात. आता मेडिकलमध्ये जा आणि तान्ह्या बाळाला पाजायच्या दुधाच्या पावडरचा डबा हातात घ्या. खुद्द बाळासाठी असलेल्या त्या डब्यावर बाळ नाही. आईही नाही.

कंपन्यांना हे सुचलं नाही असं नाही, हे कायद्याने बंद आहे. १९९२ साली संसदेने शिशुदुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार या वस्तूंची जाहिरात कुणीच करायची नाही. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायचं नाही. आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना ठळक छापायची. आणि पावडर वापरायची की नाही, वापरायची तर कशी, हे आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच ठरवावं, असाही इशारा द्यायचा. नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इतकी कडक भूमिका घेण्यामागे एक इतिहास आहे. १९६०-७० च्या दशकात आफ्रिका आणि आशियातल्या गरीब देशांत दुधाच्या पावडरची जोरात विक्री सुरू होती. १९७४ साली ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेने ‘द बेबी किलर’ नावाची पुस्तिका काढली. ज्या घरात स्वच्छ पाणी नाही, उकळायला पुरेसं जळण नाही, डब्यावरची भाषा वाचता येत नाही आणि दुसरा डबा घ्यायला पैसेही नाहीत, तिथे बाटलीतलं दूध बाळाला आजारी पाडतं, असा त्याचा मुद्दा होता. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत या वस्तूंच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली, विरोधात मत दिलं ते एकट्या अमेरिकेने. आपला १९९२ चा कायदा त्याच संहितेतून आला.

आता गंमत बघा. जाहिरात बंद झाली हे चांगलंच झालं. पण ज्या आईला बाटली खरोखरच लागते, तिला ती कशी भरायची हे सांगणारंही फारसं कुणी उरलं नाही. जुळी बाळं असतात, दूध कमी पडतं, आईची औषधं सुरू असतात, दत्तक बाळ असतं, कधी आईच नसते. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर कागदावर पावडरचं नाव लिहून देतात. पुढचं शिक्षण मग सासूबाई, शेजारच्या काकू, मेडिकलवाला आणि इन्स्टाग्रामच्या रील्स यांच्याकडून होतं. (आणि रीलमध्ये अमुक कंपनीचीच पावडर घ्या असं पैसे घेऊन सांगणारी ताई दिसली, तर वरचा कायदा आठवा. तो फक्त कंपन्यांसाठी नाही.)

आईच्या दुधाचे फायदे इथे पुन्हा सांगत नाही, ते खरे आहेत आणि सहा महिने फक्त तेच द्यावं हा सल्लाही बरोबर आहे. हा लेख बाटली हातात घ्यावी लागलेल्यांसाठी आहे. आधीच अपराधी वाटत असलेल्या बाईला आणखी चार टोमणे देण्यापेक्षा बाटली नीट भरता येणं जास्त उपयोगाचं.

पावडर निर्जंतुक नसते

इथेच बहुतेकांचा पहिला गैरसमज असतो. डबा सीलबंद आहे, महाग आहे, आत पांढरीशुभ्र पावडर आहे, म्हणजे ती निर्जंतुक असणार असं आपण धरून चालतो. तशी ती नसते. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी कोरड्या पावडरमध्ये थोडे जंतू राहू शकतात. त्यातले दोन महत्त्वाचे, एक साल्मोनेला आणि दुसरा क्रोनोबॅक्टर. क्रोनोबॅक्टर कोरड्या जागी बराच काळ तग धरतो आणि कोमट दुधात झपाट्याने वाढतो. त्याचा संसर्ग दुर्मीळ आहे, पण नवजात बाळाला झाला तर मेंदूज्वर होऊ शकतो आणि तो जीवावर बेततो. २०२२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीच्या मिशिगनमधल्या कारखान्यातली पावडर बाजारातून परत मागवली गेली आणि देशभर बाळांच्या दुधाचा तुटवडा पडला, ते याच जंतूच्या तक्रारींनंतर.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून सांगते आहे की पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवा. पाणी उकळायचं ते फक्त पाण्यातले जंतू मारायला नाही. ते गरम असतानाच वापरलं तर पावडरमधलेही जंतू मरतात.

पण आपल्याकडच्या अनेक डब्यांवर लिहिलेलं असतं, पाणी उकळा, कोमट होऊ द्या, मग पावडर घाला. मग ऐकायचं कुणाचं? कोमट पाण्याचा सल्ला देण्यामागे भाजण्याची भीती आणि काही जीवनसत्त्वं किंवा मुद्दाम घातलेले उपयुक्त जिवाणू टिकावेत हा विचार असतो. मोठ्या, धडधाकट बाळाला त्याने सहसा काही होत नाही. पण बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, वजन कमी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर गरम पाण्याची पद्धत जास्त सुरक्षित. अशा बाळांसाठी अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्थाही तेच सांगते. तुमचं बाळ या गटात असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, “पावडर ७० अंशांच्या पाण्यात कालवू का?” एका वाक्याचा प्रश्न आहे, विचारायला लाजू नका.

घरात थर्मामीटर नसतो. त्यावर सोपा उपाय असा. निदान एक लिटर पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. लिटरभर म्हणण्याला कारण आहे. पातेल्यात वाटीभरच पाणी उकळलं तर ते पाच-दहा मिनिटांतच कोमट होतं. आरओच्या पाण्यालाही उकळण्यातून सुटका नाही. फिल्टरमधून आलेलं पाणी प्यायला चांगलं असतं, पण ते निर्जंतुक नसतं.

दूध कालवून झालं की भांडं किंवा बंद बाटली गार पाण्याच्या वाडग्यात ठेवा आणि हलवत राहा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. कोमट लागला पाहिजे, चटका नको. मायक्रोवेव्ह मात्र नको. बाटली बाहेरून गार लागते आणि आत मधेच एखादा भाग पोळेल इतका तापलेला राहतो.

पण गरम पाणी आणि प्लॅस्टिक?

रील्समध्ये सध्या हा प्रश्न फिरतो आणि तो बिनबुडाचा नाही. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ‘नेचर फूड’ या नियतकालिकात दाखवलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांमधून लिटरमागे काही लाख ते दीड कोटीहून अधिक सूक्ष्म प्लॅस्टिक कण सुटतात आणि पाणी जितकं गरम, तितके जास्त. या कणांचा बाळावर नेमका काय परिणाम होतो हे विज्ञानाने अजून ठरवलेलं नाही. जंतूंचा काय होतो हे मात्र ठरलेलं आहे. त्यामुळे कणांच्या धास्तीने बाटली उकळणंच सोडून देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

त्याच संशोधकांनी सुचवलेला मार्ग आपल्या स्वयंपाकघराला अगदी सोयीचा आहे. दूध बाटलीत कालवूच नका. प्लॅस्टिक नसलेल्या भांड्यात कालवा, गार होऊ द्या आणि मग बाटलीत ओता. उकळून घेतलेली बाटली आधी उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळा. स्टीलचा तांब्या किंवा झाकणाचं छोटं पातेलं कुठल्या मराठी घरात नाही? बाटलीबरोबर तेही उकळून घेतलं की झालं. काचेची बाटली असेल तर हा प्रश्नच येत नाही, फक्त ती फुटते.

बाटली विकत घेताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बघा. ते असणं कायद्याने बंधनकारक आहे. पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या या मानकात बसत नाहीत, कारण त्यातून बीपीए नावाचं रसायन सुटतं. आठवडी बाजारातली बिननावाची स्वस्त बाटली घेऊ नका.

एक चमचा जास्त, एक चमचा कमी

डब्यावर समजा लिहिलं आहे, ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा. मग ९० मिली पाण्याला तीन. यात आपल्याकडे दोन्ही दिशांनी गडबड होते.

महिनाअखेर आली, डबा संपत आला, की तीनाच्या जागी दोन पडतात. दूध पांढरंच दिसतं, बाळाचं पोटही भरतं, पण त्याला एक तृतीयांश अन्न कमी मिळतं. वजन वाढत नाही. पाणी फारच जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी पाजू नका म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे. उन्हाळ्यातसुद्धा नाही, दुधातच पुरेसं पाणी असतं. खरोखर डबा परवडत नसेल तर दूध पातळ करण्याआधी डॉक्टरांशी किंवा आशाताईंशी बोला. ही लाजेची गोष्ट नाही. लपवून पातळ केलेलं दूध मात्र वजनाच्या काट्यावर उघडं पडतं आणि तोवर दोन महिने गेलेले असतात.

दुसरी दिशा मायेची. बाळसं धरावं, रात्री शांत झोपावं म्हणून आजी एक चमचा जास्त घालतात. घट्ट दुधाने बद्धकोष्ठता होते, अंगातलं पाणी कमी पडतं आणि कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. बाटलीत बिस्किट कुस्करून घालणं किंवा तांदळाची पेज ओतणं हेही त्यातलंच, वर घशात अडकण्याचा धोका.

क्रमही लक्षात ठेवा: आधी पाणी मोजायचं, मग पावडर. पावडर आधी घालून वरून ९० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं तर पाणी कमी पडतं. चमचा त्याच डब्यातला हवा, एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्यात चालत नाही. दाबून भरायचा नाही, सुरीच्या सरळ पाठीने सपाट करायचा.

गाईच्या दुधाबद्दल थोडक्यात: एक वर्षाच्या आत ते बाळाचं मुख्य दूध म्हणून देऊ नये. त्यात लोह फार कमी आणि प्रथिनं-क्षार बाळाला झेपतील त्याहून जास्त असतात. आणि मध? एक वर्षापर्यंत बोटभरसुद्धा नको. त्यातून बॉट्युलिझम नावाचा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

निपलच्या कडेखालचा पिवळा थर

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्यांची फॅशन होती. बाळ नळी तोंडात धरून स्वतःच पीत राहायचं, आई कामाला मोकळी. पण नळी आतून धुता यायची नाही. त्या बाटल्यांना पुढे ‘खुनी बाटल्या’ असं नाव पडलं आणि फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. त्या काळात घराघरात वाचल्या जाणाऱ्या मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकात तर एकदा बसवलेलं निपल पंधरवडाभर काढायची गरज नाही असा सल्ला होता. आपण त्यावर हसतो. पण तुमच्या घरातल्या बाटलीचं निपल आता उलटं करून बघा. कडेच्या खाचेत पिवळसर बुळबुळीत थर दिसला तर ते तेच, जरा लहान प्रमाणात.

गरम पाण्याने विसळली म्हणजे बाटली स्वच्छ झाली असं नाही. आधी सगळे भाग सुटे करायचे, साबणाच्या गरम पाण्यात बाटलीच्या वेगळ्या ब्रशने घासायचे, निपलच्या भोकातून पाणी दाबून काढायचं, मगच उकळायचं. न घासता उकळलं तर दुधाचा थर तिथेच शिजून चिकटतो. उकळताना सगळे भाग पूर्ण बुडाले पाहिजेत आणि बाटलीत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये. सीडीसी पाच मिनिटं सांगते, ब्रिटनची आरोग्यसेवा निदान दहा. दहाच धरा. आणि मग? मग आपण ती बाटली ओढणीने किंवा पदराने पुसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पुसायचं नाही. पाणी झटकून स्वच्छ जाळीवर वाळू द्या किंवा लगेच जोडून झाकण लावून ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी साबणाने हात.

दोन तासांचं घड्याळ

कालवलेलं दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. बाळाने तोंड लावलं की लाळेतले जंतू दुधात गेले, मग घड्याळ एका तासावर येतं. उरलेलं दूध ओतून द्यायचं. महाग पावडर ओतताना जीव तुटतो, म्हणून सुरुवातीलाच कमी बनवा, लागलं तर पुन्हा बनवा.

खरी परीक्षा रात्री असते. बाराला भरलेली बाटली उशाशी ठेवून तीनला पाजणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा उपाय. त्याऐवजी चांगल्या थर्मासमध्ये नुकतं उकळलेलं पाणी भरून ठेवा, उकळलेल्या कोरड्या डबीत मोजलेली पावडर ठेवा आणि बाळ उठल्यावर कालवा. एसटीच्या प्रवासातही हेच. आगाऊ बनवायचंच असेल तर बनवल्याबरोबर गार करून फ्रीजच्या आतल्या भागात, पाच अंशांच्या खाली ठेवा आणि २४ तासांत संपवा. दारातल्या कप्प्यात नको, तिथलं तापमान सारखं बदलतं. लोडशेडिंग असलेल्या गावात या फ्रीजच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

आईने काढून ठेवलेलं दूध जरा जास्त टिकतं: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. एप्रिलच्या विदर्भात २५ अंश कुठून आणणार? तिथे सरळ फ्रीज. कामावर परतणाऱ्या आईसाठी पावडरपेक्षा हा पर्याय केव्हाही चांगला. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर रुग्णालयात मातृदूधपेढी आहे का हे विचारा. आशियातली पहिली मातृदूधपेढी आपल्या मुंबईतच, सायन रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

पाजताना

बाळाला आडवं झोपवून बाटली उशीला टेकवून निघून जाऊ नका. दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, कानाच्या नळीत जाऊन कान फुटू शकतो, आणि बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय लागली तर पुढचे दात किडतात. मांडीवर घ्या, डोकं वर ठेवा, बाटली जवळजवळ आडवी धरा म्हणजे दूध बाळ ओढेल तेवढंच येईल. अधूनमधून थांबा. त्याने तोंड फिरवलं की पुरे. ‘एवढंसंच राहिलंय’ म्हणून संपवायला लावू नका, पोट भरलंय हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

सुई तापवून निपलचं भोक मोठं करण्याचा उद्योग अजून बऱ्याच घरांत चालतो. बाटली उलटी केल्यावर थेंब थेंब पडायला हवेत, धार नको. धारेने बाळाला ठसका लागतो. जीर्ण, चिकट किंवा फाटलेलं निपल सरळ बदला.

आणि बाटलीच हवी असंही नाही. आपल्याकडे चांदीचं किंवा स्टीलचं बोंडलं असायचं, दक्षिणेकडे त्याच्या भावंडाला पालाडई म्हणतात. नवजात बाळांच्या विभागात नर्स आजही त्याने किंवा वाटीने दूध पाजतात. त्याला खाच नाही, भोक नाही, निपल नाही. घासायला दोन मिनिटं, उकळायला दहा. पाजायला वेळ लागतो, थोडं सांडतं, पण जंतूंना लपायला जागाच नसते. आजीच्या कपाटात पडलेलं असेल तर काढा, फक्त चोच आतून नीट घासा.

बाळ दूध प्यायला तयार नाही, सुस्त पडलं आहे, सारख्या उलट्या किंवा जुलाब होतात, सहा-आठ तास लघवी झालेली नाही, टाळू खोल गेली किंवा फुगली आहे, झटका आला, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आहे, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. जाताना पावडरचा डबा बरोबर घ्या आणि एका बाटलीला किती पाणी आणि किती चमचे घालता ते डॉक्टरांना खरं खरं सांगा.